मधला डबा

पीएचपीत डब्यात डबा ठेवायला एक ओळ पुरते. चौकटी कंस उघडा, आत आणखी एक उघडा, दोन्ही मिटा, झालं. तीच गोष्ट सी भाषेत लिहिलेल्या एक्स्टेन्शनमधून परत करायची म्हटली, की माणसाचे संस्कार आडवे येतात. निदान माझे आले.

मला हवं होतं एसटीचं वेळापत्रक. बाहेर एक ॲरे, आत गावागणिक एकेक, त्यात गाड्या सुटायच्या वेळा. रीत तशी सोपी. पीएचपी 'रिटर्न_व्हॅल्यू' नावाचं रिकामं भांडं हातात देऊनच ठेवतं. त्यावर 'ॲरे_इनिट' चालवलं की मोठा डबा तयार. मग लहान डबा, त्यालाही ॲरे_इनिट. त्यात 'ॲड_नेक्स्ट_इंडेक्स_स्ट्रिंग'ने वेळा भरायच्या आणि 'ॲड_असॉक_झेडव्हॅल'ने 'सातारा' असं नाव लावून तो मोठ्यात ठेवायचा.

पण मी वाढलो ते 'आपलं ताट आपण उचलायचं' असल्या घरात. सी भाषेचंही तेच म्हणणं: ज्याने मेमरी घेतली त्याने ती परत करावी. म्हणून डबा आत ठेवून झाल्यावर मी इमानेइतबारे 'झेडव्हॅल_पीटीआर_डीटीओआर' लिहिलं. म्हणजे डबा विसळून फळीवर पालथा घातला. परिणाम असा, की सातारा विचारलं तर कराडच्या वेळा, त्याही अर्ध्यामुर्ध्या, आणि पाठोपाठ सेगमेंटेशन फॉल्ट. दोन दिवस मी पीएचपीला शिव्या घातल्या.

खरी गोम अशी: एका ॲरेला किती जण धरून आहेत याची मोजणी पीएचपी ठेवतं, आणि ती शून्यावर आली की जागा मोकळी करतं. ॲड_असॉक_झेडव्हॅल ती मोजणी वाढवत नाही. तुमच्या वाट्याचा एक आकडाच ते मोठ्या डब्याच्या नावावर करतं. दिलं ते दिलं. तोच डबा दोन ठिकाणी ठेवायचा असेल, तर मोजणी आपल्या हाताने वाढवायची.

माझ्या गोंधळात जुन्या पुस्तकांचाही थोडा हात होता. सारा गोलेमन यांचं 2006चं पुस्तक मी भक्तिभावाने वाचलेलं. त्या काळी प्रत्येक झेडव्हॅलसाठी, म्हणजे पीएचपी ज्यात मूल्य ठेवतं त्या रचनेसाठी, वेगळी जागा मागून घ्यावी लागे. डिसेंबर 2015मध्ये पीएचपी 7 आलं आणि तो सोपस्कार गेला. आता झेडव्हॅल म्हणजे 16 बाइटची चिठ्ठी, साधं लोकल व्हेरिएबल चालतं. फंक्शन संपल्यावर ते नाहीसं होईल म्हणून मी आधी घाबरलो होतो. पण मोठ्या डब्यात चिठ्ठीची नक्कल जाते आणि खरा ॲरे वेगळ्या जागी शाबूत असतो. अर्थात, तुम्ही तो विसळला नसेल तर.

आमच्याकडे हा घोळ होऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. तरी एक डबा गेली कित्येक वर्षं फळीवर आहे, त्यावरचं नाव घरात कोणाच्याच ओळखीचं नाही. मी आईला म्हटलं, "हा परत करायला हवा ना?"

"कोणाला?" आई म्हणाली. "मी त्यात मेथीदाणे भरलेत."