रागवार की घराणेवार?

सीडीची डबी साधारण १ सेंटिमीटर जाड. म्हणजे हजार सीडींना १० मीटर फळी हवी. पण खऱ्या संग्राहकाला जागेची चिंता नसतेच. ती घरच्यांनी करायची. त्याला छळतं ते वर्गीकरण. घराणेवार लावाव्यात, तर कुमार गंधर्वांना बसवायचं कुठे? रागवार लावाव्यात, तर एकाच सीडीवर यमन, ठुमरी आणि वर भैरवी. भीमसेन-बालमुरलीकृष्ण जुगलबंदीसाठी तर उपसमितीच नेमावी. अखेर एक्सेलमध्ये यादी होते, डब्यांवर क्रमांक चिकटतात, दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्याही येतात. पाहुणे म्हणतात, ‘मारवा ऐकवा की!’ यजमान क्षणात अचूक सीडी काढतात, पुसतात, दाखवतात आणि यूट्यूब लावतात. प्लेअर गेल्या दिवाळीतच भंगारात गेला. नव्या फळीला जागा हवी होती ना!