मास्तर, गाडी झटका मारते

विरार पूर्वेहून चंदनसार रस्त्याने हायवेकडे निघालं की आरटीओच्या आसपास एक वेगळंच जग लागतं. एजंट, झेरॉक्सवाले, पीयूसीच्या व्हॅन, 'आठ' काढताना पाय टेकवून नापास झालेली आणि दोष स्कूटरला देणारी पोरं. आणि म्हाताऱ्या गाड्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग ती तपासणीला आणावी लागते. वसईला एमएच ४८ मिळण्याआधीच्या, एमएच ०४ पाटीच्या मोटारी त्यामुळे इथे रांगेत उभ्या दिसतात. त्यातली एखादी ऑटोमॅटिक निघाली की चहाच्या टपरीवरचा एक माणूस वर्तमानपत्र खाली ठेवतो.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ऑटोमॅटिक गिअर या प्रकाराबद्दल त्यांना मनापासून तुच्छता आहे. डबल क्लच मारून गिअर टाकणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले, त्यांना 'डी'वर दांडी ठेवून दोन्ही हात स्टिअरिंगवर घेऊन बसलेला माणूस सुटीवर आल्यासारखा वाटणारच. तरीही पंचक्रोशीत ऑटोमॅटिकचं दुखणं त्यांच्याइतकं कुणी ओळखत नाही. ते फक्त ओळखतात. पान्याला हात लावत नाहीत. "खोलणारे गल्लीगल्लीत आहेत," म्हणतात, "न खोलणारा मी एकटा."

अशी माणसं प्रत्येक गावात एकेक तरी असतात. काम करणाऱ्यांपेक्षा त्यांना मान जास्त असतो आणि चहा कायम दुसऱ्याच्या खात्यावर असतो.

मास्तरांकडे दोन रुमाल असतात, एक घामाचा आणि एक ऑइलचा. ऑइलचा पांढराशुभ्र लागतो. गाडी गरम झाली पाहिजे, जमीन सपाट पाहिजे, इंजिन चालू आणि दांडी 'पी'वर. गाडी जुनी होंडा असेल तर मात्र इंजिन बंद करून लगेच बघायचं, आणि हे न सांगणाऱ्याला ते मेकॅनिक मानत नाहीत. पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, काढायची आणि एक थेंब रुमालावर. मग सगळी टपरी गप्प. लाल असेल तर मास्तर मान हलवतात. तपकिरी असेल तर रुमाल नाकाशी नेतात. जळका वास आला तर आतल्या क्लचच्या चकत्या झिजल्यात. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर रेडिएटरमधलं नाहीतर पुराचं पाणी गिअरच्या ऑइलमध्ये शिरलंय, आणि तेव्हा मास्तर मालकाकडे बघतसुद्धा नाहीत, सरळ सांगतात, "गाडी आता चालवू नका, टोइंग बोलवा. आणि पुढची चाकं उचलून न्यायला सांगा, फरफटत नको." जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, त्यानंतर या रंगाचे रुमाल त्यांनी इतके पाहिले की त्या पावसाळ्यात घरी म्हणे चहात दूध घालू देत नव्हते. हे मला त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलं, आणि शेजारी थापा मारतो.

पण रुमाल हा नंतरचा भाग. आधी चौकशी. "झटका मारते" एवढ्यावर मास्तर समाधानी नसतात. झटका कधी? सकाळी थंड असताना की स्टेशनच्या ट्रॅफिकमध्ये तापल्यावर? 'एन'वरून 'डी'वर टाकताना की चालत्या गाडीत? दांडी टाकल्यावर गाडी लगेच ओढ घेते की जरा विचार करते? इंजिन बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी, असं होतं का? असं होत असेल तर क्लच सरकतोय. दांडी टाकताना नुसता धक्का बसत असेल तर कदाचित गिअरबॉक्सचा काही दोषच नाही, इंजिनाखालचं रबरी माउंटिंग फाटलेलं असतं. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून 'डी' आणि 'आर' केलं की इंजिन उठतं-बसतं ते डोळ्यांनी दिसतं. गॅरेजवाल्याने बॉक्स उतरवायचा सांगितलेला आणि मास्तरांनी माउंटिंगवर भागवलेला, अशी उदाहरणं ते बोटांवर मोजून दाखवतात. दर वेळी बोटं वाढतात.

हल्ली त्यांना एक स्पर्धक आहे. टपरीवाल्याचा भाचा. त्याने डॅशबोर्डखाली लावायचं एक छोटं यंत्र घेतलंय, मोबाइलवर बिघाडाचा कोड येतो. परवा एका गाडीत 'पी०७००' आला आणि तो ओरडला, "मास्तर, गिअरबॉक्स गेला!" मास्तरांनी चष्मा पुसला. "त्या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे. शेजारच्या घरात भांडण चाललंय एवढं कळलं. कुणाचं, कशावरून, ते आत गेल्याशिवाय कळत नाही." मग पुढचा कोड वाचायला लावला. स्पीड सेन्सर. वायर उंदराने कुरतडलेली. भाचा हिरमुसला, मालक एवढा खूश की त्याने उंदराचंही कौतुक केलं. माझं मत विचाराल तर भाच्याचं यंत्र चांगलं आहे आणि मास्तरांचे प्रश्नही चांगले आहेत. दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं, पण मास्तर त्याला अजून 'ए बाळा' म्हणतात.

कधी मामला हायवेवर जातो. साठच्या वेगाला गाडी थरथरते अशी तक्रार असली की मास्तर पुढच्या सीटवर बसतात, विरार फाट्यावरून हायवेला लागतात आणि मोकळा रस्ता मिळाला की सांगतात, "ॲक्सिलरेटर तसाच ठेवा, ब्रेकला नुसता स्पर्श करा." स्पर्शाबरोबर थरथर थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप दोषी, कारण ब्रेकचा दिवा लागला की ते सुटतं. नाही थांबली तर टायर नाहीतर प्लग बघा. शिरसाडला वळून परत. पुढे खानिवड्याचा टोल आहे आणि तिथवर कोणताही आजार गेलेला मास्तरांना चालत नाही.

एका बाबतीत ते कठोर आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्तातल्या ऑटोमॅटिकचं पेव फुटलं. त्या गाड्या ते तपासतच नाहीत. "ही ऑटोमॅटिक नव्हेच. आत साधा गिअरबॉक्स आहे, साधा क्लच आहे. दाबणारे तुम्ही नाही, मशीन आहे, एवढंच. दुसरीकडे जा." लोक दुखावतात. घेताना शोरूममध्ये पेढे वाटलेले असतात.

मागच्या महिन्यात एक जोडपं आलं. जुनी आय टेन, चार गिअरची खरी ऑटोमॅटिक, म्हणजे मास्तरांच्या पसंतीची. साहेब नुकतेच मॅन्युअल गाडी विकून हिच्यावर आलेले. गाडी झटके मारते, पेट्रोल खाते, एका गॅरेजने बॉक्स खोलायचा सांगितलाय, आकडा ऐकून झोप उडालीय.

"चालवतं कोण?"

"मीच. म्हणजे ही पण चालवते."

"वहिनी, तुम्ही चालवताना झटके येतात?"

"मला तर कधीच नाही जाणवले."

"तिला कळत नाही हो," साहेब म्हणाले.

मास्तरांनी सगळे प्रश्न विचारले. रुमाल काढला. थेंब लाल, वास स्वच्छ. मग 'एन', 'डी', 'आर', सगळं शांत. साहेबांचा चेहरा उतरत चालला. दुखणं सापडत नाही याचं माणसाला दुःख होतं, हे मी दवाखान्यात पाहिलं होतं, गाडीच्या बाबतीत प्रथमच.

"साहेब, आता जरा पुढच्या वळणापर्यंत जाऊन या. एकटेच."

गाडी निघाली. मास्तरांनी वहिनींना बोट दाखवलं. गाडी पळत होती आणि मागचे ब्रेकचे लाल दिवे जळतच होते. क्लच दाबायची सवय असलेला डावा पाय बिनकामाचा बसेना, म्हणून ब्रेकवर विसावलेला. एक पाय पळ म्हणतोय, दुसरा थांब. मास्तरांना हे गाडी टपरीशी येतानाच दिसलं होतं. मग एवढी चौकशी, रुमाल, नाक? "लगेच सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं का?" ते म्हणाले.

साहेबांना तसंही पटलं नाही. "पण मास्तर, गॅरेजवाला तर म्हणत होता..." वहिनींनी तोवर चावी घेतली होती. साहेब शेजारी बसले. गाडी लोण्यासारखी निघाली असं मी लिहिणार होतो, पण समोर डंपर होता, वहिनींनी करकचून ब्रेक मारला आणि साहेबांनी डाव्या पायाने फूटमॅट दाबली.

मास्तरांनी खिशातून वही काढली. एसटीतली सवय, प्रत्येक गाडीची नोंद होते. मी डोकावलो. 'आय टेन. बॉक्स ठीक. दोष: डावा पाय. मजुरी: दोन कटिंग, येणे बाकी.'