अण्णा-निरोधक ड्रॉपडाउन : एक शास्त्रशुद्ध विधी

साहित्य : पायथॉन, त्याच्यासोबत फुकट येणारे टीकेइंटर, जिल्ह्या-तालुक्यांच्या नावांची एक टेक्स्ट फाईल आणि ती फाईल सांभाळणारे एक अण्णा. अण्णा प्रत्येक कचेरीत असतात. वेगळे मागवावे लागत नाहीत.

नियम १. यादी कोडमध्ये लिहू नये, फायलीत ठेवावी. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्यांनी नावे कोडात कोरून ठेवली होती, त्यांना दर वेळी प्रोग्राम उघडावा लागला. फायलीतली एक ओळ बदलायला प्रोग्रामर लागत नाही, अण्णा पुरतात. संकटाला सुरुवात इथूनच होते.

नियम २. फाईल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट सांगावे. न सांगितल्यास विंडोजवर पुष्कळदा साताऱ्याच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे रांगेने उभी राहतात, नाहीतर प्रोग्राम रुसून बसतो. अण्णांनी नोटपॅडमध्ये भलताच पर्याय निवडला असणार असे धरून ‘यूटीएफ-८-सिग’ लिहावे. नुसते ‘यूटीएफ-८’ लिहिले, तर कधीकधी पहिल्या नावाला एक अदृश्य खूण चिकटते आणि डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारे ‘अकोला’ कशाशीच जुळत नाही.

नियम ३. प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनी स्ट्रिप करावी, रिकाम्या ओळी टाकून द्याव्यात. अण्णा शेवटी भरपूर एंटर मारून ठेवतात. का, तर ‘जागा असावी’. शिवाय फाईल ही टिपणवही आहे, असा त्यांचा ठाम समज आहे. आमच्याकडे लातूर आणि वर्धा यांच्यामध्ये ‘पाटलांना फोन’ नावाचा जिल्हा बरेच दिवस नांदत होता. कोणीतरी तो निवडलाही. तेव्हा तह करावा : अण्णांनी असल्या ओळीच्या आरंभी हॅश लावायचा, प्रोग्रामने ती ओळ सोडून द्यायची.

नियम ४. दुबार नावे काढायला सेट वापरू नये, क्रम विस्कटतो. ‘डिक्ट’चे ‘फ्रॉमकीज’ वापरावे.

नियम ५. अकारविल्हे लावायचे काम यंत्रावर सोपवू नये. त्याच्या लेखी ळ हा ल ला लागून येतो. आपण शाळेत तो ह नंतर गिरवला. त्यामुळे माळशिरस माहूरच्या पुढे घुसते. अण्णांनी हे एका नजरेत पकडले आणि ‘याची शाळा कोणती?’ असे विचारले. उत्तर देता आले नाही. क्रम फायलीतलाच ठेवावा.

नियम ६. कॉम्बोबॉक्स, म्हणजे टीकेइंटरचा ड्रॉपडाउन, ‘रीडओन्ली’ करावा. नाहीतर लोक त्यात टाइप करतात, आणि एकट्या अण्णांच्या हातून ‘नासिक’, ‘नाशीक’ आणि ‘नाशिक (जुने)’ निघतात.

नियम ७. पहिले नाव आपोआप निवडून ठेवू नये. निम्मा महाराष्ट्र अकोल्याचा रहिवासी होतो.

नियम ८. तालुके ३५८. सगळे एका यादीत कोंबू नयेत; आधी जिल्हा, मग त्याचे तालुके. जिल्हा बदलला की दुसऱ्या चौकटीची यादी बदलता येते, पण तिच्यात आधी निवडलेले नाव तसेच बसून राहते. ते कोडमधून पुसावे. न पुसल्यास ‘दापोली, जिल्हा पुणे’ असा पत्ता तयार होतो आणि कुरिअरवाल्याचा फोन येतो.

तो फोन अण्णा घेतात. यादी न बघता तालुका, जिल्हा, वर एसटी कुठे बदलायची तेही सांगतात. नियम ४ सगळ्या तालुक्यांना सरसकट लावू नका, हेही त्यांनीच बजावले. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही. खेड पुण्यात आहे तसे रत्नागिरीतही. दुबार म्हणून एक कर्जत उडाले असते, आणि यंत्राला त्याचे काहीच वाटले नसते. म्हणून नुसते नाव ताडून पाहू नये, जिल्हा आणि तालुका अशी जोडी ताडावी.

तात्पर्य : ड्रॉपडाउन भरायला वीसेक ओळींचा कोड पुरतो. बाकी सारी मेहनत फायलीची आहे, आणि ती अण्णांकडेच राहू द्यावी. फक्त रोज संध्याकाळी, त्यांच्या नकळत, तिची एक प्रत काढून ठेवावी.