ताकाचे श्रीमंत भाऊबंद

युसूफ वडगावात ताक अजून शेजारधर्मात मोडतं. त्यातल्या जंतूंचे भाऊबंद प्रोबायोटिक्स म्हणून कॅप्सूलमध्ये शिरले, की मात्र अब्जांत मोजले जातात आणि किमतीला मिशा फुटतात. आतड्याच्या जुनाट दाहावर उपयोग? अल्सरेटिव्ह कोलायटिस या प्रकारात थोडा. आल्फ्रेड निसले यांनी १९१७ साली एका सैनिकाच्या विष्ठेतून (हो, तिथूनच!) वेगळा केलेला ई. कोलाय जंतू हा आजार शांत ठेवण्यात मेसालामाइन या नेहमीच्या औषधाच्या जवळपास पोचला. क्रोन्स या दुसऱ्या प्रकारात ठोस पुरावा नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली या दोन्ही आजारांत प्रोबायोटिक्स संशोधनापुरतीच वापरा, असं सांगितलं. जाहिरातवाल्यांना हे कळवणार कोण? शौचातून रक्त जात असेल, तर अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. पण तिथले डॉक्टर तपासण्या सांगतात. कॅप्सूल बिचारी काहीच विचारत नाही.