उलट्या उचलीविषयी खुले निवेदन

प्रति,
मा. संचालक मंडळ, लिंक्डइन, सनीवेल, कॅलिफोर्निया.

विषय : विनाशुल्क खात्यावरून अनोळखी व्यक्तीस चार ओळी लिहू देण्याबाबत.

महोदय,

बीड जिल्ह्यातील पदवीधर, पदविकाधारक आणि नोकरीच्या शोधात असलेले इतर विनाशुल्क खातेदार यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. ते खुले ठेवण्यामागे संस्थेची बदनामी करण्याचा हेतू नाही. निवेदनकर्त्यांपैकी एकाचीही संचालकांशी पहिल्या श्रेणीची ओळख नसल्यामुळे बंद पत्र धाडण्याची वाट संस्थेच्याच नियमांनी अडवली आहे, एवढेच त्याचे कारण. ज्याने संपर्क-विनंती स्वीकारली तो पहिल्या श्रेणीचा, त्याच्या ओळखीतला दुसऱ्या श्रेणीचा आणि त्याहून एक पायरी पलीकडचा तिसऱ्या श्रेणीचा, अशी ही उतरंड असून विनाशुल्क खातेदाराला थेट संदेश पाठवता येतो तो मुख्यतः पहिल्या श्रेणीलाच. म्हणजे ज्याच्याशी आधीच ओळख आहे त्याच्याशी बोलण्याची पूर्ण मुभा संस्थेने उदारपणे दिलेली आहे, आणि त्याबद्दल जिल्हा तिचा ऋणी आहे.

2003 च्या मे महिन्यात सुरू झालेल्या व 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे 26 अब्ज डॉलरला विकत घेतलेल्या या संकेतस्थळाची रचना जगाला नवी वाटली असेल. बीडकरांना ती ओळखीची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारा ऊसतोड कामगार कारखान्याशी थेट बोलत नाही, त्याच्या वतीने मुकादम बोलतो. हंगामापूर्वी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात, आणि ती घेणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीची मोजणी ‘एक कोयता’ अशी होते. ही पद्धत भली आहे असे कोणीही म्हणणार नाही, कारण हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी टोळी त्याच मुकादमाच्या दारी उभी राहते. तथापि मुकादमी व्यवहारात एक किमान शिस्त आहे : काम मिळण्यापूर्वी पैसे मुकादमाकडून कामगाराकडे जातात. संस्थेने मुकादम तेवढा ठेवला आणि उचलीची दिशा उलटी केली, म्हणजे नोकरीआधी पैसे उमेदवारानेच भरायचे, हे तिचे मौलिक संशोधन होय. मुकादमाच्या कमिशनचीही सोय झालेली आहे. अनेक कंपन्यांत उमेदवाराची शिफारस करणाऱ्या कर्मचाऱ्याला, उमेदवार रुजू झाल्यावर, बक्षिसी मिळते. फरक इतकाच की तिला रेफरल बोनस म्हटल्याने ती घेताना कोणाला संकोच वाटत नाही.

अनोळखी व्यक्तीस संपर्क-विनंती पाठवताना सोबत चिठ्ठी जोडता येते हे खरे, परंतु विनाशुल्क खातेदाराला अशा चिठ्ठ्या महिन्याकाठी मोजक्याच मिळतात आणि प्रत्येकीची मर्यादा 200 चिन्हांची असते. येथे मराठीची विशेष अडचण उद्भवते. युनिकोड या संगणकीय लिपिसंकेतात व्यंजन, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही सारी स्वतंत्र धरली जातात. वाचणाऱ्याला एकच अक्षर दिसणाऱ्या ‘श्री’ची तेथे चार चिन्हे होतात, आणि ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ एवढे लिहिताच अठ्ठावीस खर्ची पडतात. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांना पंचीकरण हा वेदान्तविषय मांडण्यासाठी कित्येक हात लांबीची पासोडी लागली होती. पुण्यातील एखाद्या अभियंत्यास ‘आपल्या कंपनीत जागा आहे काय’ असे विचारण्यास तितके कापड लागणार नाही, पण अदबीने विचारायचे तर थोडे अधिक लागेल.

शुल्क भरणाऱ्यास इनमेल नावाचे संदेश मिळतात, ज्यांनी ओळखीविना कोणालाही लिहिता येते. नव्वद दिवसांत उत्तर आले, मग तो नकार का असेना, तर खर्ची पडलेला इनमेल परत मिळतो. उत्तर न आल्यास तो बुडतो. मौनावर आकारणी करणारी इतकी शुद्ध व्यवस्था सरकारी कचेऱ्यांनाही अद्याप सुचलेली नाही.

या नियमांमागील कारण निवेदनकर्त्यांना कळत नाही असे नाही. दारे सताड उघडली तर हिंजवडीतील प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या पेटीत ‘सर, प्लीज रेफर मी’ एवढाच मजकूर सकाळ-संध्याकाळ येऊन पडेल, आणि तो पाठवणाऱ्यांत बीडचे उमेदवारही मागे नसतील. समोरच्याचे काम काय, हे न पाहता एकच मजकूर पन्नास जणांना डकवण्याची खोड येथेही आहे. परंतु नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सारखा पडत नाही. ज्याचे वर्गमित्र, मावसभाऊ आणि शेजारी बंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांत बसले आहेत त्याची पहिली श्रेणी खाते उघडताच भरते; शिरूर कासार किंवा वडवणीच्या ज्या मुलीच्या घरातील पहिली पदवी तिचीच आहे तिच्या पहिल्या श्रेणीत सोबतच्या दहा मैत्रिणी असतात, त्याही नोकरी शोधणाऱ्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? तिला उरतात त्या आडवाटा : एखाद्या समान गटात शिरून तेथील सदस्यास संदेश-विनंती पाठवणे, किंवा शुल्क भरूनही आपले दार सर्वांसाठी खुले ठेवणारा एखादा दिलदार खातेदार हुडकणे. या वाटा खऱ्या आहेत, उपयोगीही आहेत. संस्था त्यांचा डांगोरा पिटत नाही इतकेच.

सबब नम्र विनंती की, ज्या खातेदाराच्या पहिल्या श्रेणीत नोकरदार व्यक्ती नगण्य आहेत, त्यास दरमहा काही इनमेल उचल म्हणून द्यावेत आणि पहिला पगार झाल्यावर त्यांची रक्कम कापून घ्यावी. व्याज लावायचे झाल्यास दर ठरवण्यासाठी धारूर-केजकडील अनुभवी मुकादमांचा सल्ला घेता येईल.

या निवेदनास उत्तर देण्याची इच्छा झाल्यास संचालकांनी निवेदनकर्त्यांना रीतसर संपर्क-विनंती पाठवावी. चिठ्ठी 200 चिन्हांच्या आत असावी. विनंती मागे घेतल्यास त्याच व्यक्तीस ती तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही, हे संचालकांना ठाऊक असेलच.

कळावे,
विनाशुल्क खातेदार, जिल्हा बीड