पाय कुणाचे गार?

(दवाखाना. काका खुर्चीत, काकू त्यांच्यामागे उभ्या, हातात काकांची फाइल.)

काका : डॉक्टर, पायांचा नुसता बर्फ झालाय. दोन जोड मोजे घालून झोपतो.

काकू : त्यातला एक माझा.

डॉक्टर : (पाय चाचपत) अहो, हे तर चांगले गरम आहेत!

काका : पाय माझे आहेत की तुमचे?

काकू : मी रोज हेच सांगते. पण मी एमबीबीएस नाही ना!

डॉक्टर : पावलावरची नाडी लागतेय, घोट्यामागचीही लागतेय. चालताना पोटऱ्या भरून येतात? थांबलं की बरं वाटतं?

काका : नाही बुवा.

काकू : येतील कशा? कोपऱ्यावरचं दूध आणायलासुद्धा स्कूटर लागते.

डॉक्टर : बिडी, तंबाखू? त्यानं रक्तवाहिन्या आकसतात.

काका : छे! मंगळसूत्राची शपथ!

काकू : माझ्या?

डॉक्टर : बरं, साखर किती आहे?

काका : चहातली बंद केलीय.

काकू : आणि बासुंदीतली चालू.

डॉक्टर : मी रक्तातली विचारतोय. (ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्यावर टेकवतात.) कंप थांबला की सांगा.

काका : सुरू केलात की सांगतो.

डॉक्टर : सुरूच आहे, काका. साखरेनं नसा बिघडल्यात. पाय गरम असला तरी त्या मेंदूला कळवतात, गार पडलाय म्हणून.

काका : म्हणजे माझेच पाय अफवा पसरवतायत?

डॉक्टर : बी-१२ पण बघू. तुम्ही शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. दोन्हीनं ते कमी होतं. रात्री शेकता का?

काका : गरम पाण्याची पिशवी! चांगलं कढत पाणी, तरी काही लागत नाही.

डॉक्टर : म्हणूनच बंद करा. फोड आला तरी कळायचं नाही तुम्हाला. काकू, ती फाइल द्या... अहो, तुमचा हात किती गार!

काकू : भांडी घासून आलेय.

डॉक्टर : आणि पाय?

काकू : तेही. पण ते भांडी घासत नाहीत.

डॉक्टर : थकवा? केस गळतात? पोट साफ होतं? वजन वाढलंय?

काका : तिला काही होत नाही हो. दुपारी भात खाते, म्हणून सुस्ती.

डॉक्टर : काका, जीभ दाखवा.

काका : (जीभ बाहेर काढतात.)

डॉक्टर : अशीच ठेवा. हं, काकू?

काकू : सगळंच आहे. वाटलं, वयानं असेल.

डॉक्टर : (खालची पापणी ओढून) पांढरी दिसतेय. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणार. थायरॉइडही करू. गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होतात? फ्रान्सच्या मोरीस रेनो यांनी १८६२ साली हे लिहून ठेवलंय.

काकू : नाही. लाल मी फक्त यांच्या मोज्यांच्या वासानं होते.

डॉक्टर : बीपीची गोळी कुठली? ॲटेनोलॉल? त्यानंही हातपाय गार पडतात. पण मनानं बंद करू नका, रिपोर्ट आले की ठरवू.

काका : (जीभ आत घेऊन) थांबा! पेशंट मी, आणि खरे गार पाय हिचे?

डॉक्टर : हो. उद्या दोघांचं रक्त घेऊ. तुम्ही उपाशीपोटी या.

काकू : आणि मी?

डॉक्टर : तुम्हाला चहा चालेल.

काकू : (काकांकडे वळून) साखर दोन चमचे घाला. आलं खिसून.