अलबत

नातीला शाळेतून गृहपाठ मिळाला होता. इंग्रजीतले 'अल'ने सुरू होणारे दहा शब्द शोधा, अर्थ लिहा, प्रत्येकाला दोन समानार्थी शब्द द्या. दुबईतल्या मुलीला असा गृहपाठ देणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबड्या रश्शाचं महत्त्व सांगायला लावणं. मुलाच्या घरातून खाली उतरलं की लाँड्री अल अमुक, केस कापायचं दुकान अल तमुक, टायपिंग सेंटर अल फलाणं, आणि हे सगळं ज्या वस्तीत आहे ती अल नहदा. मिरजेहून आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटत होतं, ही सगळी दुकानं एकाच शेटजींची असावीत. पाचव्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, अल म्हणजे इंग्रजीतलं 'द'." एवढा मोठा धनाढ्य माणूस, एका वाक्यात वारला.

नातीने जेवायच्या टेबलावर यादी केली. आल्मंड, अलार्म, अल्जिब्रा, अल्केमी, अल्कोहोल, आणि खास मला खूश करायला आल्फान्सो. अल्कोहोलपाशी सून थबकली. "शाळेच्या वहीत तो शब्द कशाला?" मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलंय, शब्दाला असं दाराबाहेर उभं केलेलं मला बघवत नाही. तिला म्हटलं, अगं, हा मुळात डोळ्यांत घालायचा सुरमा. अरबीत अल-कुह्ल. सुरम्याची बारीक पूड, मग कशाचीही बारीक पूड, मग कशाचाही काढलेला अर्क, आणि शेवटी मद्याचा अर्क. डोळ्यांत घालायची वस्तू डोळे तांबडे करणारी झाली, एवढंच. सुनेने सुटकेचा श्वास सोडला, पण शब्द खोडलाच.

अल्जिब्राला मात्र कोणाची हरकत नव्हती, नातीची सोडून. अल-जब्र म्हणजे मोडलेलं जागच्या जागी बसवणं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मींनी गणितावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात हा शब्द होता, आणि त्यावरून युरोपने सगळ्या विषयालाच ते नाव दिलं. स्पेनमध्ये तर हाडवैदालाही अल्जेब्रिस्ता म्हणत. ख्वारिझ्मींच्या स्वतःच्या नावाची लॅटिनमध्ये ओढाताण होऊन पुढे अल्गोरिदम झाला. मोबाइल उघडला की मला न चुकता गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती दाखवतो तोच तो. म्हणजे हाडवैदाशी नातं अजून सुटलेलं नाही.

अल्केमी सोडली तर यादीतले बाकीचे 'अल' मात्र तोतये निघाले. अलार्म हा इटालियनांचा 'शस्त्रं उचला' असा पुकारा. आल्फान्सो हे जर्मन वंशाचं नाव. पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आलं आणि आंब्याला चिकटून हापूस झालं. बिचाऱ्या बदामाची गंमत तर और आहे. लॅटिनमध्ये त्याच्या सुरुवातीला 'अल' नव्हताच. शेजारी इतके 'अल'वाले शब्द बघून त्यालाही तो लागला असावा, असं म्हणतात. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी फेटे बांधले की आपल्यालाही एक बांधून घेणारा कोणीतरी असतोच.

माझं मन अडकलं ते अल्केमीत. कारण हा शब्द आपल्याकडेही आहे, किमया. पण 'अल' नसलेला. असं का? स्पेनमध्ये आठव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत अरबी राज्यं होती. तिथल्या माणसांनी शब्द बाजारात, शेतात कानांनी ऐकले आणि 'अल'सकट उचलले. कापसाला अरबीत कुत्न. स्पॅनिशमध्ये तो आल्गोदोन. आपल्याकडे हेच शब्द आले फारशीतून, दरबारी कागदांवरून. फारशीला 'अल'ची गरज नव्हती, तिने तो काढून ठेवला. म्हणून वकील, हिशेब, तारीख, कायदा हे आपल्याकडे कसे मोकळ्या डोक्याने वावरतात. वाहणा बाहेर काढून आत आलेल्या पाहुण्यांसारखे.

तरी दोघे तिघे निसटलेच. बिलकूलच्या पोटात 'अल' दडून बसलेला आहे. आणि अलबत! छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हा शब्द मला इथे येऊन उलगडला. बत्त म्हणजे तोडणं. एक घाव दोन तुकडे, म्हणजे अगदी पक्कं.

मग मला चेव चढला. "आणि तुमचा हा देश, अल-इमारात! म्हणजे आपली इमारतच की." नातीने पेन खाली ठेवलं. ती शाळेत अरबी शिकते. "नाही आजी. देशातला इमारात अलिफने, बिल्डिंगमधला ऐनने. पहिला अमीरवरून, म्हणजे हुकूम देणारा. दुसरा बांधकामावरून." देवनागरीत दोघांना एकच इ मिळाली, त्यात माझा काय दोष? पण गप्प बसले. वर तिने सूर्याक्षरं शिकवली. अरबीतल्या अठ्ठावीसपैकी चौदा अक्षरांपुढे 'अल'चा ल गळतो. लिहायचं अल-शम्स, म्हणायचं अश्-शम्स. म्हटलं, ही तर व्यंजनसंधी! आपल्या तल्लीनमध्ये ल शेजारच्या त् ला गिळतो, इथे शेजारी ल ला गिळतात. मराठी शाळेतल्या ल ची वट जास्त, असं मी नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी करामाला निघालो, चकलीचा सोऱ्या आणायला. मेट्रोच्या बायकांच्या डब्यात जागा मिळाली. दर स्टेशनाआधी आवाज येतो, "अल महत्ता अल कादिमा". महत्ता म्हणजे स्टेशन, कादिमा म्हणजे येणारं, असं नात सांगते. मला मात्र दर खेपेस वाटतं, कोणाची तरी थोरवी गायली जाते आहे. आणि दारं मिटताना "अल अबवाब तुग्लक". आपल्या सरकारी कागदांतली बाब ती हीच, मूळची दार. दारं बंद होताहेत एवढाच त्याचा अर्थ. पण तुघलक कानावर पडला की इतिहासाचा पेपर आठवतोच.

गाडी खाडीच्या खालून पलीकडे आली. "आजी, करामा म्हणजे?" नातीने विचारलं. शाळेत तिला 'मान, प्रतिष्ठा' असा अर्थ सांगितला होता. मी म्हटलं, आपल्याकडे त्याची करामत झाली. संतांचा मान त्यांच्या चमत्कारांवरून, म्हणून चमत्कारच करामत, आणि मग शेंबड्या पोराने फ्रिजवर चढून लाडू काढला तरी करामतच. जंजिराही तसाच, अरबी जझीराचा. आपल्या मुरूडसमोर पाण्यात उभा असलेला तो, आणि टीव्हीवरचं ते चॅनेल...

"आजी, बुर्जुमान!"

मी पिशवी सावरली, चष्मा सावरला, चप्पल शोधली. दाराशी पोचेतो तुघलक बोलून गेला होता.

"बघ, ऐन वेळी मिटलं," मी म्हटलं.

"ऐन म्हणजे डोळा," नात काचेत बघत म्हणाली. "तो उघडा ठेवायचा होता."

पुढचं स्टेशन ऊद मेथा. ऊद धुपातला, तो मला ठाऊक होता. मेथाचं काही मी तोंडातून काढलं नाही.